सातपदरी पाणी

उंबरपाडा, ता. मुरबाड
५ नोव्हेंबर १९६३

चि. कमळाकर यास,
सिद्धगडाच्या सावलीतून बाईजाआत्याचा आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग कामाचं. तुझा खोकला गेला का? नसेल तर शेजारच्या लडकूबरोबर अडुळशाचा पाला धाडते. हॉस्टेलात काढा करू देत नसतील तर नुसता चघळ. शहापूरला रंगूचं पित्त कसं आहे? तुझा बाप म्हणून तू त्याला भितोस, पण माझा तो धाकटा भाऊ. उपाशीपोटी कचेरीत जाऊन लोकांवर ओरडत बसलं तर पित्त होईल नाहीतर काय होईल? भागीरथीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, निर्गुडीचा शेक घे आणि रंगूच्या तीन हाका झाल्याशिवाय जागची उठू नको. तुझे ते वर्दे सर मी पाहिले नाहीत, पण तुझी दोरी त्यांच्या हातात, तेव्हा त्यांचीही प्रकृती ठणठणीत असो. आणि तुझ्या खोलीत काचेच्या बरणीत मासा होता, तो आहे ना? की मेसवाल्याची नजर गेली?

मी बरी आहे. म्हैसही बरी आहे, पण तुझ्या पेटीकडे तिरक्या नजरेनं बघते. पेंढ्यात बांधलेल्या चाळीस बाटल्या तू गोठ्यात ठेवून गेलास, तेव्हापासून तिला वाटतं तो पेंढा तिचा आहे.

तू नेमून दिलेलं काम मी पाठ केलं आहे. दर सोमवारी गावतळ्याचं पाणी एका बाटलीत भरायचं. काचेच्या नळीनं त्याची ऊब मोजायची. त्यात तुझ्या उग्र औषधाचे थेंब टाकायचे, चिठ्ठीवर तारीख घालायची, आणि महिन्याच्या चार बाटल्या लडकूनं मुरबाडला नेऊन एस.टी.त द्यायच्या. मग तू पाण्यातले बारीक जीव मोजणार, कुठल्या महिन्यात कोण वाढतो नि कोण मरतो ते लिहिणार, आणि त्यावर एम.एस्सी. होणार. कातकरवाडीतली जानी तळ्यावर मासे धरते, तिला हे सांगितलं तर ती हसून लोळली. म्हणाली, "पान्यात काय हाय त्याची परीक्षा? मंग मला बसवा की गो! मी आठ जातीचं मासं डोलं झाकून वलखीन!"

आज पहिली बाटली भरली. तू दाखवलंस तसंच केलं, फक्त आपल्या घरच्या रीतीनं. बाटली अशी लख्ख झाली आहे की डोळ्यापुढे धरली तर पलीकडच्या म्हशीच्या पापण्या मोजाव्यात. मुंबईच्या शिकलेल्या माणसांपुढे आपल्या गावचं पाणी जायचं. त्याची लाज मी राखली, तू निर्धास्त राहा.

जोडाक्षरं माझी अजून अडखळतात, सांभाळून वाच.

तुझी
बाईजाआत्या

---

मुंबई
२२ डिसेंबर १९६३

ती. बाईजाआत्या,
तुझ्या पायांवर डोकं, आणि तिरक्या नजरेच्या म्हशीला लांबूनच नमस्कार.

खोकला गेला. आई आता दोन हाकांवर थांबते, तिसरीची वाट पाहायची हिंमत अजून झालेली नाही. मासा मेला, पण मेसवाला निर्दोष आहे.

आता मोठी बातमी. आत्या, तुझ्या बाटल्यांनी आमच्या प्रयोगशाळेत खळबळ उडवली आहे! चारही बाटल्या आल्या. मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंबामागून थेंब ठेवले. काही म्हणजे काही दिसेना. एक जीव नाही, शेवाळाचा एक धागा नाही. शेजारच्या टेबलावरचा मित्र ठाण्याच्या एका तळ्याचं पाणी आणतो, त्याच्या एका थेंबात जत्रा भरलेली असते. माझा थेंब म्हणजे धुतलेली पाटी.

वर्दे सर आधी माझ्यावरच उखडले. "नळाचं पाणी भरून आणलंस!" म्हणाले. मी शपथ घेतली. मग त्यांनी बाटली रसायनशास्त्राच्या माणसांकडे पाठवली. त्यांचा निकाल आला, की पाण्यात तुरटीचा अंश आहे! सर म्हणाले, "कमळाकर, सिद्धगडाच्या कातळात तुरटी असली पाहिजे. पाणी झिरपताना आपोआप शुद्ध होत असेल."

आता माझ्या अभ्यासाचा विषयच त्यांनी बदलला. 'सिद्धगडाच्या पायथ्याचे निर्जीव तळे.' असं तळं कुणी पाहिलेलं नाही म्हणतात.

तेव्हा विचारतो ते नीट सांग. पाण्याला किंचित तुरट चव आहे का? तळ्याकाठी कोणती झाडं आहेत?

एक घरचं. अण्णांनी जूनपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर प्रबंध पुरा झाला नाही तर जुलैपासून मला त्यांच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटवणार, शब्द टाकून ठेवला आहे. मी टेबलाखाली पाय हलवत आयुष्य काढणार की पाण्यात हात घालून, ते तुझ्या बाटल्यांवर आहे.

कमळाकर

---

उंबरपाडा
६ जानेवारी १९६४

चि. कमळाकर,
हजारदा आशीर्वाद. तुझ्या पत्रानं मला दोन बोटं उंची आली.

सरांना सांग, आपल्या बाटलीतल्या पाण्याला किंचित तुरट चव आहे. असणारच. तळ्याकाठी उंबर, करंज, दोन जांभळी आणि एक आंबा आहे. आंब्याचं नाव मोठ्यानं घेऊ नको, त्याच्यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे.

तुझं पत्र मी पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. जानी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. 'एक जीव नाही' आलं तशी म्हणाली, "जीव नाय? मंग माझ्या पाटीत काय हाय, खडं?" मी म्हटलं, "अगो, ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं बोलतायत." तर म्हणते, "ज्ये दिसत नाय त्ये नाय म्हनून सांगाया एवढं शिकावं लागतं व्हय?" बाकी सगळ्यांना मात्र अभिमान वाटला.

आणि का वाटू नये? हे तळं आम्ही जपलं आहे. तुला ठाऊक आहे, तुझे आतोबा नारूनं गेले. घोट्यातून सुतासारखा किडा निघाला, तो ओढताना तुटला, पाय चिघळला आणि दीड महिन्यात माणूस गेला. आठ वर्षं झाली. तेव्हापासून पायाला जखम असलेल्यानं तळ्यात उतरायचं नाही, काठावर उभं राहायचं, दुसऱ्यानं हंडा भरून द्यायचा, हा मी दंडकच घातला. पाटलाच्या जावयालासुद्धा मी पायरीवरून मागं हाकललं आहे. तो अजून मला बघून पाय लपवतो.

रंगूच्या मुदतीची चिंता करू नको. सोमवार चुकणार नाही. आता एवढी शाबासकी मिळाल्यावर तर मी बाटलीला पहिल्यापेक्षा जास्त जपते.

आत्या

---

मुंबई
१२ एप्रिल १९६४

ती. आत्या,
नमस्कार. हे पत्र घाईत लिहितो आहे, पण आनंदाच्या घाईत.

वीस बाटल्या झाल्या, वीसही कोऱ्या! आणि पाण्याची ऊब! मार्चअखेरच्या रणरणत्या उन्हातही तू बावीस अंश लिहून धाडलेस. सरांनी तो कागद तीनदा वाचला. त्यांचा तर्क असा की तळ्याच्या तळाशी थंड झरा असला पाहिजे. भूगर्भशास्त्राचा एक विद्यार्थी हातोडा घेऊन सिद्धगड फोडायला निघाला होता, त्याला मोठ्या मुश्किलीनं थोपवलं.

सर या तळ्यावर स्वतःचा निबंधही लिहीत आहेत. ११ मेला मला घेऊन ते तुझ्याकडे येणार. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की प्रबंधावर सही, आणि जूनच्या आत मी मोकळा. अण्णांच्या कचेरीतली खुर्ची दुसऱ्या कुणाला लखलाभ.

आता तुझ्याकडून शेवटचं काम. प्रबंधात 'पाण्याचा नमुना कसा घेतला' असं एक प्रकरण लागतं. तू सोमवारी सकाळी उठल्यापासून बाटलीला बूच लावीपर्यंत काय काय करतेस, ते एकही गोष्ट न वगळता लिहून धाड. मी ते जसंच्या तसं उतरवून घेईन.

कमळाकर

---

उंबरपाडा
१९ एप्रिल १९६४

चि. कमळाकर,
आशीर्वाद. माझं काम पुस्तकात छापणार म्हणतोस, म्हणून जानीला आज घराबाहेर काढून, दाराला कडी लावून लिहायला बसले आहे.

सोमवारी कोंबडा आरवला की मी घासलेली घागर घेऊन तळ्यावर जाते. वरच्या पायरीवरून, जिथं गुरं उतरत नाहीत तिथून पाणी घेते. घरी येऊन जुन्या लुगड्याचं मऊ फडकं सात पदरी करून त्यातून ते गाळते. सात का, ते सांगते. आतोबा गेले त्या साली गुळाच्या पुडीला वर्तमानपत्राचा तुकडा आला होता. त्यात लिहिलं होतं, नारू टाळायचा तर पाणी कपड्यातून गाळून प्या. किती पदरी आणि का, तो भाग फाटून गेला होता. म्हणून मी आपले सात धरले. त्यावरच आठ वर्षं घर चाललं आहे.

गाळून झालं की फडकं परसातल्या पाणी भरलेल्या दगडी डोणीत खळबळून काढते. त्यात काय असेल ते असो, जीव असेल तर उगाच मातीत का मारा? मग पाणी चुलीवर चांगलं खळाखळा उकळते. निवलं की तुरटीचा खडा पाच वेळा फिरवते आणि रात्रभर माठात ठेवते. तुझ्या नमुन्याला हा माठ मी वेगळाच राखला आहे. दुसऱ्या दिवशी काचेची नळी माठात बुडवून ऊब वाचते, वरचं नितळ पाणी बाटलीत भरते, औषध टाकते, आणि तारीख मात्र सोमवारचीच घालते, कारण पाणी सोमवारचं.

ज्या घरात नारू निघाला त्या घरातून न गाळलेलं पाणी दुसऱ्याच्या हातात जाता कामा नये, मग ते प्यायला असो की मोजायला. हे वाक्य पुस्तकात घातलंस तर मला बरं वाटेल.

सरांना मुगाची खिचडी चालते का?

आत्या

---

मुंबई
२५ एप्रिल १९६४

आत्या,

तू काय केलंस गं!

मला तळ्यातले जीव मोजायचे होते. तू दर सोमवारी ते सगळे गाळून, उकळून, तुरटी फिरवून, शिवाय माठात गार करून, पाणी तेवढं धाडलंस! ती तुरटी सिद्धगडाची नाही, तुझ्या फडताळातली आहे. तो थंड झरा म्हणजे तुझा माठ आहे. वीस बाटल्या, सहा महिने, सरांचा निबंध, आणि मी लिहिलेली एकशे बारा पानं तुझ्या चुलीत गेली.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी जेवलो आणि विचार केला. सरांना अजून काही ठाऊक नाही. ११ तारखेला ते येतील, फक्त एक बाटली भरताना बघतील. तू माठातलं पाणी बाटलीत भरून वरच्या पायरीशी करंजाच्या मुळात लपवून ठेव. मी सरांना सिद्धगड दाखवीन, ते मान वर करतील, तेवढ्यात बाटली बदलीन. तुला बोलावं काहीच लागणार नाही. विचारलंच तर 'थेट तळ्यातलं' एवढे दोन शब्द म्हण.

चुकीचं आहे, कळतं मला. पण नाहीतर जुलैपासून कचेरी आहे. आत्या, एवढं कर.

तोवर मी शहापूरला आईअण्णांकडे जाऊन येतो.

कमळाकर

---

उंबरपाडा
९ मे १९६४

चि. कमळाकर,
आशीर्वाद आहेच. राग गेला असेल तर पुढं वाच, नसेल तर आधी पाणी पी. गाळून.

तुझं पत्र पोचलं, वाचलं आणि चुलीत घातलं. आता उत्तर काय लिहावं याच विचारात परवा गुरुवारी अंगण सारवत होते, तर फाटकाशी एक गृहस्थ उभे. रेशमी कोट, डोक्याला फेटा, कपाळाला कुंकू, आणि गुडघ्यापर्यंत धूळ. म्हणाले, "बाईजाबाई कुठं राहतात?"

मी म्हटलं, "मीच ती. तुमी वरातीतून चुकलात काय?"

तर ते वर्दे सर! कल्याणला नात्यातलं लग्न होतं, तिथं राहवेना म्हणून पंगत उठताच मुरबाडची एस.टी. धरून आले. पुढची वाट पायी. तू शहापुरात, तुला कोण सांगणार!

दारात आलेल्याला पहिलं काय देतात? पाणी. मी माठातला तांब्या भरून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मग घोट घेतला, डोळे मिटले. म्हणाले, "हेच ते! तळ्यातलं ना?"

म्हटलं, "तळ्यातलंच."

"थेट?"

कमळ्या, खरं सांगते, 'थेट' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. नुसती मान हलवली असती तरी तुझी पदवी तुझ्या पदरात होती. तेवढ्यात ते आपणहून म्हणाले, "मी निबंधात लिहिणार आहे, की या तळ्याचं पाणी माणसांनी जसंच्या तसं प्यायला हरकत नाही. सरकारनं इथून आसपासच्या गावांना पाणी द्यावं."

मला आतोबांचा पाय दिसला.

मी म्हटलं, "असं लिहू नका बाबा. हे पाणी सात पदरी गाळलेलं आहे. वर उकळलेलं आहे."

सरांनी तांब्या खाली ठेवला. "आणि तुरटी?"

"मुरबाडच्या दुकानातली."

"म्हणजे सिद्धगडात तुरटी नाही?"

"सिद्धगडात माकडं आहेत. तुरटी आमी नाय कधी पाहिली."

ते ओट्यावर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.  मग एकदम उसळले, तुझ्यावर, माझ्यावर, रसायनवाल्यांवर. मी म्हटलं, "पोराला ठाऊक नव्हतं. मला त्यानं विचारलं, तेव्हाच मी सांगितलं." तुझी करंजाच्या मुळातली बाटली मी बोलले नाही. ती तू सांगायची की नाही, ते तुझं तू ठरव.

त्यात जानी मासे घेऊन आली. कुणाशी काय बोलावं याचा पोच तिला कधी होता? पाटी त्यांच्या नाकाखाली धरून म्हणाली, "तुमीच व्हय त्ये? ह्ये बगा तुमच्या जीव नसल्या तल्यातलं मासं. अजून फडफडत्यात!" सरांनी माशांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. हसता हसता मध्येच थांबले. म्हणाले, "बाई, गाळल्यावर फडक्यातलं तुम्ही काय करता?"

मी त्यांना परसातल्या डोणीपाशी नेलं. ते खिशातून भिंग काढून, त्या रेशमी कोटासकट उकिडवे बसले ते दुपार कलेपर्यंत उठले नाहीत. मला म्हणाले, आम्ही प्रयोगशाळेत रेशमी जाळीनं पाणी गाळतो आणि जाळीत अडकतं ते जपून ठेवतो. तुम्हीही नेमकं तेच केलंत, फक्त ठेवायचं ते डोणीत टाकलंत आणि टाकायचं ते आम्हाला धाडलंत.

मग त्यांनी मला पांढऱ्या बशीत एक थेंब दाखवला. तिळाहून लहान जीव, झटके देत पोहणारा. कपाळावर एकच डोळा, मागं अंड्यांच्या दोन पिशव्या. म्हणाले, नारूचं पिल्लू याच्या पोटात असतं. पाण्याबरोबर हा पोटात गेला की वर्षानं पायातून नारू निघतो. जखमेचा पाय पाण्यात बुडाला की पिल्लं पुन्हा पाण्यात. कपड्यातून हा जात नाही.

फाटलेल्या कागदाचा उरलेला भाग मला आठ वर्षांनी वाचायला मिळाला. मी तिथंच डोणीच्या काठावर बसले.  जानीनं पाटी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

उठताना म्हणाले, सहा महिन्यांचे आकडे रद्द. प्रबंध जूनला नाही. पण कमळाकरानं वर्षभर इथं येऊन राहावं, स्वतः पाणी भरावं, गाळलेलं नि न गाळलेलं शेजारी शेजारी ठेवून दोन्हींतले जीव मोजावे, आणि तळं राखायचे गावाचे दंडक लिहून काढावे. वर्षाची वाढ मी मिळवून देतो. भिंग तुझ्यासाठी ठेवून गेले आहेत. खिचडी दोनदा घेतली.

आता राहिला रंगू.

आत्या

---

शहापूर
१६ मे १९६४

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखर डोकं टेकून.

मी मुंबईला जाऊन सरांना भेटलो. करंजाच्या मुळातली बाटलीसुद्धा सांगून टाकली. ते म्हणाले, "तुझ्या आत्यानं मला खोटं छापण्यापासून वाचवलं, तुला करण्यापासून." मग दार दाखवलं. मी बाहेर पडलो तसं परत बोलावून माझी वाढीची मागणी लिहून घेतली.

पण अण्णा ऐकत नाहीत. "आणखी एक वर्ष? डबक्यातले किडे मोजायला? जुलैला कचेरी, विषय संपला!" आई मध्ये बोलली तर तिच्या गुडघ्याचाही उद्धार केला. या महिनाअखेर ते स्वतः तुझ्याकडे येत आहेत. पेटी आणि बाटल्या परत न्यायला, आणि 'पोराच्या डोक्यात पाणी भरल्याबद्दल' तुला चार शब्द सुनवायला.

आत्या, आता माझ्या हातात काही नाही.

कमळाकर

---

उंबरपाडा
१ जून १९६४

चि. कमळाकर,
आशीर्वाद.

रंगू शनिवारी येऊन गेला. उन्हातून चालत आला, लालबुंद. खांद्याला फिरकीचा तांब्या लटकवलेला. मी पाणी पुढं केलं तर म्हणाला, "तुझ्या त्या तळ्याचं पाणी मी प्यायचा नाय. मी शहापुराहून घरचं आणलंय. तालुक्याचं पाणी हाय ते, तुज्यासारखं किड्यांचं नाय."

मी म्हटलं, "बरं बाबा. तालुक्याचं पी."

मग चार शब्द झाले. चारांचे चाळीस झाले. मी शेंगा सोलत ऐकत होते. पोराला तू बिघडवलंस, शेण गोळा करायला एम.एस्सी. लागत नाही, खुर्चीवर बसला असता, पंखा असता डोक्यावर. दमला तसा पुन्हा तांब्याची फिरकी उघडली.

मी म्हटलं, "रंगू, पिऊन घे, पण आधी एक बघ. सरांनी मला भिंग दिलंय, त्यातनं थेंब मोठा दिसतो. तुझं तालुक्याचं पाणी किती निर्मळ असतं ते मला बघू दे तरी." असं काही म्हटलं की त्याची छाती फुगते, हे लहानपणापासूनचं आहे. त्यानं तांब्या माझ्या हाती दिला. मी बशी आणायला परसात गेले, बशीत थेंब घेऊन आले, आणि भिंग त्याच्या डोळ्याला लावलं.

रंगू वाकला. वाकलेलाच राहिला.

"बाईजे, ह्ये काय हाय?"

"काय दिसतंय?"

"एकच डोला हाय त्याला! माज्याकडं बगतोय!"

"मागं दोन पिशव्या दिसतायत? अंडी आहेत ती. नारू याच्याच पोटात असतो, सर म्हणाले."

रंगूनं भिंग खाली ठेवलं. आतोबांचा पाय शेवटच्या दिवसांत त्यानंच धुतला होता, तुला कदाचित ठाऊक नसेल.  मग बारीक आवाजात म्हणाला, "भागीरथी ह्येच पिते. पोरं ह्येच पितात."

म्हटलं, "गाळत नाही का तुम्ही?"

"तालुक्याच्या ठिकानी कोन गाळतो गं?"

उठला. येरझाऱ्या घातल्या. मग माझ्यावर ओरडला, म्हणजे बरा झाला. "कमळ्याला सांग, ह्याचा पुरा निकाल लागल्याबिगर कचेरीचं नाव काढायचं नाय! कुठल्या तल्यात हाय, कुठल्या बावीत हाय, किती हाय, सगलं मोजून काढ म्हनावं. वर्स लागू दे नाय तर दोन! आनि आधी शहापुरापासनं सुरू कर म्हनावं!" जाताना पेटीला हात लावला नाही. माझ्या जुन्या लुगड्याचे तीन तुकडे मात्र मागून घेतले, सात पदरी कसं करायचं ते दोनदा विचारलं, आणि माझा माठातला तांब्या गटागटा प्यायला.

आता तुला एकट्याला सांगते. तो थेंब त्याच्या तांब्यातला नव्हता. परसात गेले ती डोणीतून घेऊन आले.

सरांशी खोटं बोलायला मी सांगितलं तेव्हा नाही म्हटलंस, आणि सख्ख्या भावाशी आपणहून बोललीस, असं तू म्हणशील. तर ऐक. सरांशी खोटं बोलले असते तर माणसं न गाळलेलं पाणी प्याली असती. रंगूशी बोलले, तर रंगू गाळून प्यायला लागला. यातलं तुझ्या पुस्तकात बसवायचं असेल तर बसव, नाहीतर राहू दे.

तरीपण मनाला टोचणी आहे. म्हणून परसात असतानाच त्याच्या तांब्यातलं थोडं पाणी तुझ्या एका बाटलीत ओतून घेतलं होतं. काही केलेलं नाही त्याला, शप्पथ. फडकं नाही, चूल नाही, तुरटी नाही, फक्त तुझं औषध. ती बाटली लडकूबरोबर धाडते आहे. इकडे राहायला येण्याआधी मोठ्या यंत्राखाली नीट बघ. त्यात एकडोळ्या निघाला, तर मी खोटं बोललेच नाही, नुसती थोडी घाई केली. नाही निघाला, तर आपण दोघं रंगूच्या जन्मात तोंड उघडायचं नाही.

काय निघालं ते दोन ओळींत का होईना, लवकर लिही. तोवर मला भावाच्या नावानं उचकी लागते आहे.

तुझी
आत्या